फॉर्म ३१

अण्णा जाऊन आठ महिने झाले, तरी त्यांची स्कूटर अजून दिन्याच्या नावावर झालेली नाही. पहिल्या खेपेला तो फॉर्म ३१ घेऊन आरटीओत गेला, तर मृत्यूचा दाखला घरी राहिला. दुसऱ्या खेपेला फोटो राहिले. आणि काल गेला तो थेट रविवारी.

“तू विसरत नाहीयेस. मनाच्या तळाशी, तुझ्याही नकळत, तुला ते करायचंच नाहीये,” मास्तर म्हणाला.

पक्या उसळला. “सोड रे! मी लाइटबिल भरायला विसरतो, त्यात काय अबोध मन? दिन्याची दोन महिने नाइट शिफ्ट चालू आहे. माणूस दमतो, विसरतो. विषय संपला.”

मास्तरही हटेना. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानं १९०१ साली अशा रोजच्या विसरण्यावर आणि बोलण्यातल्या चुकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला ऑस्ट्रियाच्या संसदेचा अध्यक्ष सभा सुरू करायला उभा राहतो आणि सभा संपल्याचं जाहीर करतो, कारण त्या बैठकीतून काही बरं निघेल असं त्याला वाटतच नसतं. “आणि दमण्याचं म्हणशील,” मास्तर म्हणाला, “तर फ्रॉइड विचारतो, अंधाऱ्या, निर्जन रस्त्यावर घड्याळ चोरीला गेलं, तर अंधारानं चोरलं म्हणून तक्रार देशील का? अंधारानं चोराचं फावलं, एवढंच.”

हा दाखला मला फार पटला. पण पक्याचंही खोटं नव्हतं. टिंपानारो नावाच्या इटालियन पंडितानं १९७४ मध्ये हेच म्हटलं होतं: जुन्या पोथ्या उतरवणारे लेखनिक अशाच चुका करत, त्यातल्या कितीतरी निव्वळ सवयीच्या असतात. प्रत्येक चुकीत गुपित शोधायला गेलं की ते सापडतंच, आणि खरी अडचण तिथेच आहे.

मला राग आला तो मास्तरच्या सुराचा. दुसऱ्याच्या मनातलं आपणच त्याच्या तोंडावर फेकायचं, याला समजून घेणं म्हणत नाहीत. फ्रॉइडसुद्धा आधी त्या माणसालाच विचारायचा, यावरून तुला काय काय आठवतं?

म्हणून मी विचारलं, “दिन्या, स्कूटर म्हटलं की पहिलं काय येतं डोळ्यांपुढे?”

तो बराच वेळ हातातल्या कटिंगकडे बघत राहिला. चहावर साय धरली.

“डिकीत अण्णांचा रुमाल आहे,” तो म्हणाला. “घडी घातलेला. आठ महिन्यांत मी डिकी उघडलेली नाही. पेट्रोल भरायला सीट उचलावी लागत नाही ना, त्यामुळे चालून जातं.”

पक्यानं सरकून त्याला जागा करून दिली. मास्तर काही बोलला नाही.