घामेजल्या अंगावर थंड पाणी पडलं की झटका येतो? त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी टेकडीवरच्या आमच्या ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा घेऊन पळायच्या शर्यतीत माझी भाची सातव्या कंट्रोलपाशी (वाटेत गाठायच्या ठिकाणापाशी) आली, तेव्हा ती नकाशा उलटा धरून उभी होती. पाणी द्यायला मी तिथेच बसले होते. नऊ वाजून गेलेले, मार्चअखेरचं ऊन, आणि सावली म्हणावी तर गिरिपुष्पाच्या काटक्यांची. तिच्या कानशिलांवर घाम वाळून मिठाचे पांढरे ओघळ उमटले होते. मी ग्लास पुढे केला, तर तिने हात मागे घेतला. "नको मावशी. आजीने सांगितलंय, पळताना प्यायचं नाही. पहाटेच भरपूर पिऊन आलेय." डोकं ठणकतंय, मळमळतंय, असंही म्हणाली. पंधरा वर्षांची मुलगी. एरवी नकाशा माझ्यापेक्षा चांगला वाचते.

मी तिला खाली बसवलं आणि जगमधलं पाणी डोक्यावर, मानेवर ओतायला घेतलं. तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक काका ओरडले, "अहो ताई, थंड पाणी नका घालू, झटका येईल तिला!"

वीस मिनिटांत पोरगी सावरली. संध्याकाळी घरी गेल्यावर आईने फोन पुढे केला, तेव्हा कळलं की तिला मिळालेला मेसेज आणि काकांना मिळालेला मेसेज एकच. तोवर तो माझ्या कॉलनीच्या ग्रुपवर आणि भाचीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. आईवर माझा राग नाही. नातीच्या काळजीपोटीच तिने सांगितलं. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पळताना पाण्याचा थेंबही घेऊ नये, हृदयावर ताण येतो. त्याऐवजी पहाटे ३ लिटर पाणी पिऊन साठा करून घ्यावा. उभ्याने पाणी प्यायल्यास गुडघे जातात. पेटके येऊ नयेत म्हणून चमचाभर मीठ खावं. घामेजल्या अंगावर थंड पाणी घेतलं की नसा आकसतात आणि जागच्या जागी हृदय बंद पडतं. नकाशा घेऊन पळणाऱ्यांसाठी आयोजकांनी पाणी ठेवायची गरजच नाही, कारण नकाशात निळ्या रंगाने पाणी दाखवलेलंच असतं. आणि शेवटी, शिवरायांच्या मावळ्यांकडे कुठे बाटल्या होत्या?

थंड पाण्याचा मुद्दा आधी घेते, कारण हा एक मुद्दा जीव घेऊ शकतो.

पळणाऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम व्हायला लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, भेलकांडतो, विनाकारण चिडतो, ओळखीची वाट चुकतो. बऱ्याच जणांना वाटतं, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. हे चूक आहे. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडलेली असू शकते, पण पळताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असतो. अशा वेळी एकच उपाय महत्त्वाचा असतो: त्याला थंड करा, आणि ताबडतोब करा. साधारण अर्ध्या तासाच्या आत तापमान खाली आलं, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप असते. जितका उशीर, तितकं मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांचं नुकसान.

हे कशावरून? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ गावी दरवर्षी ऑगस्टमध्ये ७ मैलांची शर्यत होते. समुद्रकाठ, दमट उकाडा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. अंतर कमी असल्याने लोक जीव तोडून पळतात आणि उष्माघाताचे रुग्ण नेमाने निघतात. तिथल्या वैद्यकीय तंबूतल्या १८ वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्माघाताचे २७४ रुग्ण. आतलं तापमान सरासरी ४१ अंशांच्या पुढे. या लोकांना काय केलं? बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात बसवलं. नुसतं तोंडावर पाणी मारलं नाही, अंग पाण्यात बुडवलं. दर मिनिटाला साधारण ०.२ अंश या वेगाने तापमान उतरलं. आणि २७४ पैकी किती दगावले? एकही नाही.

घामेजलेलं, तापलेलं अंग आणि बर्फाचं पाणी, मेसेजवाल्याच्या मते जागच्या जागी मृत्यू. प्रत्यक्षात सगळे जगले. आता सांगा, त्या काकांचं ऐकून मी जग खाली ठेवला असता तर?

नसा आकसतात हे खरं आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या थंडाव्याने आकसतात. एवढा अर्धा धागा धरून मेसेजवाल्याने पुढचं सगळं विणलंय. वाहिन्या आकसूनही तापलेल्या शरीरातली उष्णता पाण्यात भराभर उतरतेच, हे वर सांगितलेल्या आकड्यातच दिसतं. आणखी एक गोष्ट मान्य करते: हृदयविकार असलेल्या माणसाने एकट्याने गारठ्याच्या विहिरीत धाडकन उडी मारू नये. पण ती गोष्ट वेगळी आणि भर उन्हात कोसळलेल्या धावपटूला वाचवणं वेगळं.

टेकडीवर टब नसतो. मग त्याला सावलीत न्या, जादा कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगावर ओतत राहा, नकाशाने वारा घाला, बर्फ असेल तर ओल्या पंचात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत ओतणं थांबवू नका. आधी थंड करायचं, मग हलवायचं. आणि शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. भोवती गर्दी करून कांदा हुंगवण्यात पाच मिनिटं गेलेली मी पाहिली आहेत. ती पाच मिनिटं परत मिळत नाहीत.

आता ते पहाटेचं ३ लिटर पाणी. शरीराला उंटासारखी टाकी असते असं कुणी सांगितलं? (उंटालाही नसते, त्याच्या मदारीत चरबी असते.) एकदम प्यायलेलं जास्तीचं पाणी मूत्रपिंडं काही तासांत बाहेर टाकतात. माझी भाची शर्यत सुरू होण्याआधी तीनदा लघवीला जाऊन आली होती. म्हणजे साठा स्टार्टलाच संपला, आणि पुढचा दीड तास ती कोरडी पळाली. शिवाय थोड्या वेळात खूप पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही त्याचीही लक्षणं आहेत, आणि प्रकरण वाढलं तर मेंदूला सूज येते.

इथे मेसेजवाल्याला एक अर्धं सत्य द्यावं लागतं, आणि ते मी नाइलाजाने देते. पळताना जास्त पाणी पिणं धोक्याचं असतं, हे खरं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. त्याच शर्यतीत एका तरुण धावपटू बाईचा याच कारणाने मृत्यू झाला होता. ज्यांचं वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढलं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्यायले, त्यांना धोका अधिक होता. त्याआधीची काही वर्षं धावपटूंना 'सोसेल तितकं प्या' असं सांगितलं जायचं, तो सल्ला नंतर बदलला. पण यातून 'थेंबही घेऊ नका' कसं निघतं? तहान लागली की प्यावं, घोटाघोटाने प्यावं, वजन वाढेल इतकं ढोसू नये, एवढंच निघतं. आणि जो माणूस जास्त पाण्याची भीती घालतो तोच पहाटे ३ लिटर प्यायला सांगतो!

पाणी चुकलं तर काय होतं, तेही जगाने पाहिलंय. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदाच झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस हिचं पाण्याचं शेवटचं ठिकाण हुकलं. स्टेडियममध्ये शिरली तेव्हा ती वाकडी झाली होती, एक हात लुळा, पाय फरफटत. शेवटची फेरी पुरी करायला तिला पाच-सहा मिनिटं लागली. ती चित्रफीत सहज सापडते, एकदा बघा.

नकाशातल्या निळ्या रंगाबद्दल. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, नकाशावर जांभळ्या गोलांत दाखवलेली ठिकाणं क्रमाने गाठायची. प्रत्येक ठिकाणी केशरी-पांढरा झेंडा असतो, त्याला कंट्रोल म्हणतात. मधली वाट ज्याची त्याने शोधायची. नकाशात पाणी निळ्या रंगात असतं, बरोबर. पण आपल्याकडे होळीनंतर टेकडीवरचे ते निळे तुटक ओढे म्हणजे धोंड्यांची रांग असते. आणि जिथे डबकं उरलेलं असतं तिथे गुरं बसलेली असतात. ते पाणी मुलांना पाजायचं?

आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग महासंघाच्या नियमातच आहे की विजेत्याला ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागेल अशी शर्यत असेल, तर विजेत्याच्या वेगाने दर २५ मिनिटांना तरी पिण्याची सोय हवी, आणि किमान शुद्ध, योग्य तापमानाचं पाणी हवं. पाण्याच्या ठिकाणासाठी पेल्याची वेगळी खूण असते. हा खेळ वाढला स्वीडन-नॉर्वेच्या थंड जंगलांत. तिथल्या लोकांनी केलेला नियम हा, आणि आम्ही चाळीशीच्या उन्हात गरज नाही म्हणायचं!

माझ्या मते आपल्याकडे हा नियमही पुरत नाही. विजेता २५ मिनिटांत जिथे पोचतो तिथे नवखी मुलं पाऊण तासाने पोचतात. या खेळात सगळे एकदम सुटत नाहीत, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात, म्हणजे शेवटी सुटलेला सगळ्यात जास्त ऊन खातो आणि तो पोचेपर्यंत जार रिकामा झालेला असतो. हिशेब साधा आहे. शंभर मुलं, दीड तास, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, म्हणजे नुसतं प्यायला ७५ ते ११० लिटर. डोक्यावर ओतायला तेवढंच अजून. वीस लिटरचे दहा-अकरा जार होतात. तिथे गाडी जात नाही, ते खांद्यावरूनच न्यावे लागतात. खर्च आहे, कष्ट आहेत, आणि 'गरजच नाही' म्हणणारा मेसेज आयोजकांच्या हाती पडला की हे कष्ट टाळायला निमित्त मिळतं. म्हणूनही मी चिडले आहे.

मावळ्यांचा दाखला देणाऱ्याने आज्ञापत्र हा मराठी राज्यकारभारावरचा जुना ग्रंथ उघडून तरी बघायचं होतं. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात स्पष्ट लिहिलंय की गडावर आधी पाणी बघावं आणि मग किल्ला बांधावा. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, खडक फोडून टाकी करावीत, कारण झुंजाच्या वेळी पाण्याचा खर्च जास्त लागतो. म्हणजे कष्टाच्या वेळी पाणी जास्त लागतं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. कुठल्याही गडावर जा, कातळात कोरलेली टाकी दिसतील. ज्यांनी छिन्नीने कातळ फोडून पाणी साठवलं, त्यांचं नाव घेऊन पोरांना तहानलेलं ठेवायचं?

उभ्याने पाणी पिण्याचं एका वाक्यात संपवते: पाणी अन्ननलिकेतून पोटात जातं, तुम्ही उभे असा की बसलेले, गुडघ्याकडे जाणारी वाट तिथे नाही.

चमचाभर मीठ नुसतं खाल्लं तर उलटी होईल, तहान अजून भडकेल. तासाभराच्या पळण्याला साधं पाणी आणि नंतरचं नेहमीचं जेवण पुरतं. जास्त वेळ असेल तर ओआरएस चांगलं, पण पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा. लिटरभराचं पाकीट एका ग्लासात घालून पिणारे मी दर वेळी बघते. आणि दुकानातली गोड डबी ओआरएस समजून आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी केली आहे, तेव्हा पाकिटामागचं प्रमाण वाचून घ्या.

पुढची शर्यत दोन आठवड्यांनी आहे. आम्ही स्टार्ट साडेसातवरून सहावर आणलाय, नवख्या मुलांना आधी सोडणार आहोत, आणि तिसऱ्या, पाचव्या, सातव्या कंट्रोलवर पाणी असेल. सातव्यावर बर्फाची पेटी आणि चार जुने पंचे ठेवणार आहे. जार चढवायला पहाटे साडेचारला सहा माणसं लागतील. त्या काकांना मी फोन करून हे सगळं सांगितलं, ते येतो म्हणालेत. अजून पाच हवेत.