‘जुना प्रवासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बेल्जियममधल्या डूल गावावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना प्रवासी’ लिहितात: "पट्टीने आखलेल्या चार गल्ल्यांना इतिहास म्हणत नाहीत. खरं फ्लेमिश खेडं ब्रूजच्या बाजूला बघावं. लेख घरबसल्या खरडलेला वाटतो. इतरही चुका आहेत."

पवनचक्कीचे फोटो जरा जास्त झाले, मान्य. पण ‘खरडलेला’? अहो, मतभेद असू द्या, जिभेला काही हाड? डूलशेजारच्या अँटवर्प शहरात माझा संसार आहे. डूलच्या बांधावर मी भर पावसात सायकल ढकलली आहे.

आता ती पट्टी. पट्टीने आखलंय, हाच तर त्या गावाचा इतिहास! 1584-85 मध्ये अँटवर्पला वेढा पडला, त्या धामधुमीत बांध फोडले गेले आणि हा सगळा टापू पाण्याखाली गेला. 1609 मध्ये स्पेन आणि बंड करून उठलेले डच यांच्यात बारा वर्षांचा तह झाला, तोफा थंडावल्या, तेव्हा कुठे बांधबंदिस्तीत पैसा घालायची हिंमत आली. 1614 मध्ये जमीन पुन्हा वर काढली आणि दोरी धरून काटकोनात गल्ल्या पाडल्या. एरवी गावं पायवाटेच्या कलाने वाकडीतिकडी वाढतात; इथे आराखडा आधी, माणसं मागाहून. ती चौकट आजही जशीच्या तशी आहे. भरतीच्या वेळी गल्लीत उभे राहा: टोकाला गवताळ बांध, आणि त्याच्यावरून कंटेनर जहाजाचे मजले सरकत जातात. स्खेल्डे नदी गावाच्या डोक्यावरून वाहते म्हणा ना.

हे मला पुस्तकातून कळायची गरज नाही. माझे वडील अलिबागच्या खारेपाटातले. खेकड्याने बांधाला पाडलेलं भोक वेळीच बुजवलं नाही तर काय होतं, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप अडकली की खारं पाणी भाताच्या शेतात कसं घुसतं, हे आमच्या घरात जेवताना बोललं जायचं. समुद्राकडून जमीन घेणाऱ्याला सरळ रेघेची किंमत कळते. पर्यटकाला ती कळेलच असं नाही.

ब्रूज सुंदर आहे, कोण नाही म्हणतं? जरूर जा. डूल मात्र अँटवर्प बंदराच्या विस्तारासाठी उठवायला निघाले होते. हजारावरची वस्ती मोजक्या घरांवर आली, आणि 2022 मध्ये कुठे ते राहणार असं ठरलं.

राहता राहिल्या ‘इतर चुका’. एकीचंही नाव तुम्ही घेतलेलं नाही. घ्या, मग बोलू.