दिवे बंद करा, बातम्या लागल्यात

सकाळी सातच्या आत आमच्या घरातला फ्रीज बंद होतो. त्याच्या मागोमाग इन्व्हर्टर, वायफायचा डबा, तीन मोबाइलचे चार्जर आणि सगळ्यात शेवटी देवघरातली लुकलुकती एलईडीची माळ. माळ शेवटी, कारण तिला हात लावायला हिची परवानगी लागते आणि ती रोज नव्याने मागावी लागते. एवढं झालं की अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ८४, खिडकीत एक काळा डबा ठेवतात, दोन्ही हातांनी तो केसभर डावीकडे फिरवतात आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्या वीतभर पडद्याकडे बघतो. पडद्यावरची एक आडवी पट्टी फुगते, आक्रसते, परत फुगते आणि शेवटी 'सिग्नल नाही' अशा अर्थाचं काहीतरी उमटतं. मग फ्रीज चालू.

हा डबा म्हणजे डिजिटल रेडिओ.

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर तारा ओढल्या, त्यामुळे तारेतून येणाऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल त्यांना आदर नाही. हवेतून येईल ते खरं आणि फुकट येईल ते त्याहून खरं. केबल त्यांनी घरात येऊ दिली नाही. मागे मी फोनवर आकाशवाणीचं ॲप उघडून पुणे केंद्र लावून दिलं. आवाज असा, की निवेदक आमच्या सोफ्यावर बसलाय. अण्णांनी बातमीपत्र शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्याला रिचार्ज लागतो का रे?"

"लागतो."

"मग ही आकाशवाणी नव्हे. दुकानवाणी."

मुळात भांडण टीव्हीवरून सुरू झालं. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. गच्चीत गेलं की समोर अजिंक्यतारा आणि त्यावर दूरदर्शनचा मनोरा. सातारकरांना किल्ला आणि मनोरा वेगळे आठवतच नाहीत. हा मनोरा कामाला लागायच्या आधी आमच्या गच्चीवर चाळीस फुटी पाइप होता, वर आडव्या काड्यांचा अँटेना, बूस्टर आणि तोंड सिंहगडाकडे. तो फिरवताना गच्ची, जिना आणि हॉल यांच्यात चालणारे संवाद महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने एकदा तरी लिहून काढलेत, ते मी सोडून देतो. एवढंच सांगतो, की त्या निरोपसाखळीत जिन्यावर मी असायचो आणि १९८२ च्या एशियाडमधले निम्मे सामने मी जिन्यावरून ऐकले.

पुढे गडावरच्या मनोऱ्याने सगळं सोपं केलं. दोन काड्या खिडकीबाहेर काढल्या की चित्र हजर. ते सुख बरीच वर्षं टिकलं. मग देशभरातले जुने ॲनालॉग ट्रान्समीटर एकेक करून बंद होत गेले आणि २०२२ पर्यंत मोक्याच्या पन्नासेक जागा सोडून सगळे संपले. आमच्या जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या राहिल्या. अण्णा आठवडाभर त्या मुंग्यांसमोर बसायचे. मधूनच म्हणायचे, "आत्ता कोणीतरी दिसलं."

धाकटा भाऊ मुंबईला असतो. तो म्हणाला, "दादा, इकडे दूरदर्शन डिजिटल येतं, हवेतून, फुकट. छोटा अँटेना आणि एक डबा बास." हवेतून आणि फुकट हे दोन शब्द अण्णांनी ऐकले आणि मला पुण्याला पिटाळलं. मी डबा आणला, नवा अँटेना आणला, तोंड गडाकडे केलं. शोध सुरू झाला. पट्टी एक टक्क्यापासून निघाली ती शंभरावर जाऊन थांबली. अण्णा चष्मा पुसून बसले होते. निकाल लागला: वाहिन्या शून्य. दहावीच्या निकालालासुद्धा आमच्या घरात इतकी शांतता नव्हती.

मग मी वाचलं. वाचन आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम आमच्या खानदानात नाही. २०१६ साली दूरदर्शनने ही हवेतली डिजिटल सेवा सोळा शहरांत सुरू केली होती. त्यात महाराष्ट्रातली दोन, मुंबई आणि औरंगाबाद. सातारा त्यात नव्हता. म्हणजे मी बस येत नाही अशा थांब्यावर तिकीट काढून उभा होतो.

उरला उपाय छत्रीचा. दूरदर्शनची फ्री डिश २००४ पासून आहे. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. बाळू इलेक्ट्रिशियन छत्री घेऊन गच्चीत आला आणि त्याने तिचं तोंड चक्क आग्नेयेला, वर आभाळात केलं. अण्णा म्हणाले, "अरे, मनोरा तिकडं आहे." बाळूने समजावलं, की उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्वेला असतो, साताऱ्याहून तो आग्नेयेलाच दिसणार. अण्णांना कोन पटला, अंतर पटेना. समोर हाकेच्या अंतरावर एवढा मोठा मनोरा उभा असताना चित्र सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आणायचं, हे त्यांच्या मते पोवई नाक्यावरून राजवाड्याला जायला काश्मीरमार्गे रिक्षा करण्यासारखं होतं. शेजारच्या देशमुखकाकू कठड्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आग्नेयेला तोंड म्हणजे घरात भांडणं हो." बाळू म्हणाला, "काकू, उपग्रहाची वास्तुशांत नाही करता येत."

भांडणं झालीच, पण काकूंच्या शेवग्यावरून. शेवगा आग्नेयेला आहे आणि दर पावसाळ्यात हातभर वाढतो. ओली फांदी छत्रीच्या आड आली की बातम्या देणाऱ्या बाईंचे आधी चौकोन होतात, मग त्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी थिजतात. जोरात पाऊस आला तर फांदीचीही गरज नाही, ढगच पुरतात. साताऱ्यात जोरात पाऊस आहे ही बातमी साताऱ्यातल्या जोरदार पावसामुळे आम्हाला कधीच बघायला मिळाली नाही. फांदी तोडा म्हणायची सोय नाही, कारण त्याच शेवग्याच्या शेंगांची आमटी आठवड्यातून दोनदा आमच्याकडे येते आणि अण्णा ती चोखून चोखून खातात.

याच काळात अण्णांनी डिजिटलबद्दलचं त्यांचं मत पक्कं केलं, आणि मला ते खोडता आलेलं नाही. जुनं चित्र बिघडायचं ते पायरी पायरीने. आधी खरखर, मग माणसाच्या शेजारी त्याची सावली, मग मुंग्या. पण मुंग्यांतूनसुद्धा गावसकर ओळखू यायचा. डिजिटलमध्ये आकडे येतात. थोडे गाळले गेले तर डबा हिशेबाने भरून काढतो, चित्र लखलखीत. एका मर्यादेपलीकडे गाळले गेले की सरळ हात वर. मधलं काही नाही. अण्णांच्या शब्दांत, खिडकीवरचा कारकून. कागद पुरे असतील तर शिक्का, एक कमी असेल तर खिडकी बंद. स्वतः अण्णांना हल्ली निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं ते अंदाजाने भरून काढतात, त्यामुळे जुन्या पद्धतीशी त्यांचं नातं जवळचं आहे.

आणि तरीही डिजिटल रेडिओ हवा हे त्यांचंच. का, तर आकाशवाणीने मध्यम लहरींवरची पस्तीसेक केंद्रं डिजिटल केली आणि त्यात पुणे आहे, ७९२ किलोहर्ट्झ, १०० किलोवॉट. पुण्याहून साताऱ्याला, हवेतून, फुकट. "इथं तरी आपलं नाव यादीत नको ना?" त्यांनी विचारलं. नको होतं. लहरी यादी बघून फिरत नाहीत. आमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर पुणे लावून काटा जरा बाजूला नेला की डिजिटलचा भाग ऐकूही यायचा, म्हणजे नुसता खळखळाट, लांबून धबधबा ऐकावा तसा. अण्णा तो धबधबा ऐकून म्हणायचे, "ह्यातच बातम्या आहेत बघ. फक्त पिळून काढायच्यात."

पिळणारा डबा स्वस्त मिळत नाही. किंमत मी हिला सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही.

डबा आला आणि पिळेना. मी परत वाचलं, या वेळीही खरेदीनंतर. रेडिओच्या पोटात फेराइटची कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज मरतो, कूस केंद्राकडे झाली की वाढतो. पुणे आमच्या उत्तरेला. म्हणजे उत्तरेला डोकं करून झोपू नये हा नियम रेडिओलाही लागू. अण्णा हे ऐकून इतके खूश झाले, की त्यांनी ते समर्थ मंदिराच्या कट्ट्यावर चार जणांना सांगितलं.

डबा पूर्व-पश्चिम झोपवला. पट्टी हलली, पण पुरेशी नाही. मग खरा चोर सापडला: आमचं घर. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांच्या पोटात जे सर्किट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं आणि त्याचा कचरा थेट मध्यम लहरींवर सांडतं. जुना ट्रान्झिस्टर हातात घेऊन मी घरभर फिरलो, भुताटकी झालेल्या वाड्यात देवऋषी फिरतो तसा. फ्रीजपाशी गुरगुर. जिन्यातल्या साठ रुपयांच्या बल्बपाशी किंकाळी. देवघरापाशी तर माळ लुकलुकेल तसा ट्रान्झिस्टर उचक्या देऊ लागला. अण्णांनी माळ्यावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेला साठ वॉटचा पिवळा बल्ब काढला, फुंकर मारून जिन्यात लावला. ट्रान्झिस्टर गप्प. "पूर्वी दिवासुद्धा बातम्यांच्या वेळी बोलत नसे," अण्णा म्हणाले.

पण आपलं घर गप्प केलं तरी पेठ बोलत असते. डाव्या हाताला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, उजवीकडे काकूंचं नवं इंडक्शन, मागे लग्नाचं कार्यालय. कार्यालयाच्या रोषणाईबद्दल मी काही बोलत नाही. तीन महिने रोज सकाळी फ्रीज बंद, पट्टी अर्ध्यावर, फ्रीज चालू. हिने हिशेब केला, की रोजच्या या पूजेत एकदा दूध नासलंय आणि वायफाय गेल्याच्या काळात नातवाचा क्लास चारदा बुडालाय. नातू या प्रयोगाचा खंदा पुरस्कर्ता आहे.

आणि जूनमधल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस कोसळून पहाटे उघडल्यावर, सात वाजायला थोडा अवकाश असताना लाईट गेली. आमची नाही, अख्ख्या पेठेची. दुकान, इंडक्शन, कार्यालय, सगळं एका दमात थंड. इन्व्हर्टर मी आदल्या दिवशीच्या पूजेनंतर चालू करायला विसरलो होतो. अण्णा धावले. म्हणजे त्यांच्या वेगाने. डबा खिडकीत गेला, झोपला, पट्टी फुगली, फुगली आणि शेवटपर्यंत जाऊन तिथेच राहिली.

खरखर नाही, खळखळ नाही. पुणे खोलीत आलं. अण्णांनी उजव्या कानामागचा हात काढून घेतला. ते हा हात काढतात, हेच मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरातून ही आली, जिन्यावरून देशमुखकाकू आल्या, "तुमच्याकडं लाईट आहे होय?" म्हणत. पलीकडे ओट्यावर जुना ट्रान्झिस्टरही पुण्यालाच होता. सातचे ठोके आधी त्याच्यावर वाजले आणि डिजिटलवर मोजून चार-पाच सेकंद उशिरा, कारण आकडे उलगडायला डब्याला वेळ लागतो. अण्णांनी हातातलं एचएमटी जुन्याच्या ठोक्यांवर लावलं आणि बातम्या नव्यावर ऐकल्या.

सगळ्या ऐकल्या. शेवटी हवामान आलं. निवेदक म्हणाला, "सातारा जिल्ह्यात येत्या चोवीस तासांत—" आणि स्वयंपाकघरात फ्रीज थरथरला, देवघरात माळ लुकलुकली, पट्टी कोसळली. खिडकी बंद.

तेव्हापासून अण्णा वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतात. काल त्यांना पाहिजे ते मिळालं: दुरुस्तीच्या कामासाठी शनिवारी सकाळी सहा ते दुपारी एक पेठेत वीजपुरवठा बंद. त्यांनी ते कात्रण संकष्टीच्या चौकोनावर चिकटवलंय. मला सेल आणायला मोती चौकात पाठवलंय, येताना पावशेर कंदी पेढेही सांगितलेत, लोक येणार म्हणून. काकू म्हणाल्या, मी शेंगा घेऊन येते, तेवढ्या बातम्या ऐकत ऐकत सोलून होतील.