बुल रनचा पराभव प्रेक्षकांनी ओढवलेला नव्हता

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की मराठी वाचकाला एरवी आठवते ती मुंबईतील कापसाची तेजी. अलीकडे मात्र त्याच युद्धाबद्दलचा एक मजकूर हातोहात फिरताना दिसतो. त्याचा सारांश असा: २१ जुलै १८६१ रोजी, व्हर्जिनियातील बुल रन या छोट्या नदीकाठी झालेल्या युद्धाच्या पहिल्याच लढाईत, वॉशिंग्टनची बडी मंडळी बायकामुलांसह खाण्याचे डबे घेऊन लढाईची गंमत पाहायला गेली, उत्तरेचे (लिंकनच्या केंद्र सरकारचे) सैनिक नवखे आणि दक्षिणेचे (फुटून निघालेल्या राज्यांचे) कसलेले असल्यामुळे तोफा धडाडताच उत्तरेची फौज पळत सुटली, प्रेक्षकांच्या बग्ग्यांनी रस्ता अडल्यामुळे माघारीचे रूपांतर धूळधाणीत झाले, आणि दक्षिणेने पाठलाग केला असता, तर दुसऱ्या दिवशी राजधानी पडून युद्ध तिथेच संपले असते. ही गोष्ट चटकदार आहे आणि तिचा काही भाग खराही आहे. पण त्या दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून साडेआठशेच्या आसपास सैनिक ठार झाले. त्यांच्या दिवसाचे वर्णन एका फसलेल्या सहलीसारखे व्हावे, हे मला पटत नाही.

‘पहिली लढाई’ हा शब्दप्रयोग आधी दुरुस्त करू. फोर्ट सम्टरवरील तोफांचा मारा एप्रिलमधला, तर जमिनीवरच्या फिलिपी आणि बिग बेथेल येथील चकमकी जूनमधल्या. बुल रन ही या युद्धातील पहिली मोठी लढाई, एवढेच म्हणता येते.

प्रेक्षक होते, याबद्दल वाद नाही. लढाईचा दिवस रविवारचा होता आणि काँग्रेसचे खास अधिवेशन ४ जुलैपासून सुरू असल्यामुळे खासदार व सिनेटर राजधानीतच होते. त्यांच्यापैकी बरेच जण, शिवाय पत्रकार आणि हौशी नागरिक, भाड्याच्या गाड्या करून निघाले. परंतु ते पोहोचले कुठे, हा प्रश्न हा मजकूर विचारतच नाही. बहुतेक मंडळी सेंटरव्हिलच्या उंचवट्यावर थांबली होती आणि तिथून खरी झुंज सुमारे आठ किलोमीटर दूर होती. झाडांच्या वरून उठणारा धूर आणि तोफांचे आवाज, यांपलीकडे त्यांना फारसे काही दिसण्यासारखे नव्हते. काही राजकारणी उत्साहाच्या भरात आणखी पुढे गेले. न्यूयॉर्कचे खासदार आल्फ्रेड इली दक्षिणेच्या हाती सापडले आणि त्यांना काही महिने दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, कैदेत काढावे लागले. डब्यांचे म्हणाल, तर वॉशिंग्टनपासून सेंटरव्हिल चाळीसेक किलोमीटर दूर. घोडागाडीने तेवढा पल्ला गाठायचा आणि वाटेत फौजेचा तळ, म्हणजे शिदोरी बांधून नेणे ही साधी गरज होती. बायकामुलांचे चित्रही फुगवलेले आहे. काही स्त्रिया आल्या होत्या, पण गर्दी मुख्यतः पुरुषांची होती.

या साऱ्या प्रतिमेचा मोठा भाग लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल यांच्या लेखणीतून आला. दुर्बिणीतून पाहत, उद्या आपण रिचमंडमध्ये असू, असे म्हणणारी बाई त्यांनीच रंगवली. ती दिसली असेल, यात मला शंका नाही. मात्र रसेल स्वतः उशिरा पोहोचले होते आणि त्यांचे गाजलेले वार्तापत्र आहे ते रस्त्यावरच्या पळापळीचे. लढाईचा निकाल जिथे लागला ती हेन्री टेकडी त्यांनी पाहिलीच नाही. लढाईचे वर्णन पिछाडीच्या रस्त्यावरून केले, तर तिच्यात बुणगेच दिसणार.

आता नवखे आणि कसलेले यांविषयी. उत्तरेची फौज नवखी होती, हे खरे. लिंकनने १५ एप्रिलला मागवलेले ७५,००० स्वयंसेवक फक्त ९० दिवसांच्या बोलीवर आले होते आणि ती मुदत भरत आल्यामुळेच सेनापती अर्विन मॅकडॉवेलवर आक्रमणाची घाई लादली गेली. चौथी पेनसिल्व्हेनिया पलटण आणि न्यूयॉर्कचा एक तोफखाना तर मुदत संपली म्हणून, लढाईला तोंड लागत असताना, पिछाडीकडे चालते झाले. मॅकडॉवेलने आपल्या अहवालात हे खेदाने नोंदवले आहे. पण दक्षिणेचे सैनिक कुठे मुरलेले होते? तीन-चार महिन्यांपूर्वी तेही शेतात आणि दुकानांतच होते. तुम्ही कच्चे आहात हे खरे, पण तेही कच्चेच आहेत, अशा अर्थाचे उत्तर लिंकनने मॅकडॉवेलला दिले होते आणि वस्तुस्थितीही तशीच होती. दोन्हीकडच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी बरेच जण वेस्ट पॉइंटच्या एकाच लष्करी शाळेत शिकलेले, मेक्सिकोच्या युद्धात एकत्र लढलेले होते. मॅकडॉवेल आणि त्याच्या समोरचा बोरगार्ड हे तर वर्गबंधू होते.

‘तोफा धडाडताच पळाले’ हा सगळ्यांत अन्यायकारक भाग आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. मॅकडॉवेलची योजना चांगली होती. स्टोन ब्रिजसमोर हूल द्यायची आणि मुख्य फौज सडली स्प्रिंग्जच्या उतारावरून नदीपार नेऊन शत्रूच्या डाव्या बगलेवर घालायची. सैनिक मध्यरात्रीनंतर दोन-अडीचच्या सुमारास निघाले, अंधारात अरुंद रस्त्यांवर खोळंबले आणि नदी ओलांडेपर्यंत सकाळचे नऊ वाजून गेले. तोवर दक्षिणेच्या टेहळणी अधिकाऱ्याला, पोर्टर अलेक्झांडरला, दूरवर पितळी तोफेवर चमकलेले ऊन दिसले होते आणि निशाणांच्या खुणांनी त्याने डाव्या बगलेला सावध केले होते. तरीही या नवख्या सैनिकांनी मॅथ्यूज टेकडीवरची फळी फोडली आणि दुपारपर्यंत शत्रूला हेन्री टेकडीपर्यंत मागे रेटले. त्या घटकेला लढाई उत्तरेच्या हातात होती.

ती निसटली ती पुढच्या चार तासांत. आधी मॅकडॉवेलने आगेकूच थांबवली आणि त्या उसंतीत दक्षिणेच्या जॅक्सनची ब्रिगेड टेकडीच्या पलीकडच्या उतारावर पाय रोवून उभी राहिली. मग दुपारी दोनच्या सुमारास उत्तरेचे तोफखाना अधिकारी ग्रिफिन आणि रिकेट्स यांच्या ११ तोफा पुरेशा पायदळाविना टेकडीवर चढवल्या गेल्या. ग्रिफिनने दोन तोफा बाजूला नेल्या, तेव्हा उजवीकडून निळ्या गणवेशातील एक पलटण येताना दिसली. तो तिच्यावर छर्ऱ्यांचा मारा करणार, एवढ्यात तोफखान्याचा प्रमुख मेजर बॅरी याने, ती आपलीच मदतीला आलेली पलटण आहे, असे सांगून त्याला थांबवले. ती होती दक्षिणेची ३३वी व्हर्जिनिया. तिने जवळ येऊन एकच फैर झाडली आणि गोलंदाज व घोडे जागच्या जागी कोसळले. हा गोंधळ एकतर्फी नव्हता. उत्तरेच्या दुसऱ्या विस्कॉन्सिन पलटणीचे कपडे करडे होते आणि तिच्यावर पाठीमागून आपल्याच लोकांनी गोळ्या झाडल्या. तोफांसाठी टेकडीवर पुढे दोन तास चढाई-माघार चालली होती. याला पळ काढणे म्हणायचे असेल, तर शब्दांना अर्थ उरत नाही.

निर्णायक घाव आगगाडीने घातला. शेनँडोआ खोऱ्यातील दक्षिणेचा सेनापती जोसेफ जॉन्स्टन याच्या सुमारे ११,००० सैनिकांना तिथेच गुंतवून ठेवण्याचे काम उत्तरेच्या ६९ वर्षांच्या रॉबर्ट पॅटरसनकडे होते आणि ते त्याच्याकडून झाले नाही. जॉन्स्टनने त्याला चकवून फौज पीडमाँट स्टेशनला आणली आणि तिथून डब्यांत बसवून रणांगणाजवळच्या मनॅसस स्टेशनला धाडली. शेवटची तुकडी तर लढाई रंगात असताना दुपारी उतरली. चारच्या सुमारास ताज्या दमाच्या ब्रिगेड थकलेल्या उत्तरी फौजेच्या उजव्या बगलेवर आदळल्या आणि माघार सुरू झाली. पहाटेपूर्वीपासून चालत आणि लढत आलेली माणसे ती. त्यांना रोखून धरायला व्यवस्थित राखीव फळी जवळ नव्हती.

रस्ता अडला तो कब रन या ओढ्यावरच्या पुलावर. दक्षिणेच्या तोफेचा गोळा तिथे पडून एक गाडी उलटली आणि पूल बंद झाला. मागे तुंबल्या त्या मुख्यतः लष्कराच्याच सामानगाड्या, रुग्णवाहिका आणि तोफा. या गर्दीत नागरिकांच्या बग्ग्या मिसळल्या आणि घबराटीत भर पडली, हे मान्यच आहे. पण पराभव त्याआधी टेकडीवर होऊन गेला होता. उलट सिनेटर बेंजामिन वेड आणि त्यांचे काही सहकारी बंदुका घेऊन रस्त्यात आडवे उभे राहिले आणि पळणाऱ्यांना परतवू पाहत होते.

प्रेक्षकांवर एवढे लिहिणारा हा मजकूर ज्युडिथ हेन्रीचे नावही घेत नाही. हेन्री टेकडी तिच्याच घराण्याच्या नावाची. पंचाऐंशीच्या घरातली ही विधवा अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या घरातून नेमबाज गोळ्या झाडत आहेत असे वाटल्यावरून रिकेट्सने घरावर तोफा डागल्या आणि ती आपल्या खोलीतच प्राणघातक जखमी झाली. लढाईत मारली गेलेली ती एकमेव नागरिक.

राहता राहिला वॉशिंग्टन पडण्याचा मुद्दा. जिंकलेली फौजही विस्कटलेली होती आणि विजयाने आमची फौज पराभूतांपेक्षा जास्त विस्कळीत झाली, असे खुद्द जॉन्स्टनने पुढे लिहून ठेवले. रसद आणि वाहने अपुरी होती, २२ तारखेला मुसळधार पावसाने रस्त्यांचा चिखल केला, आणि पुढे होती पोटोमॅक नदी व तिच्या काठची तटबंदी. तीस-चाळीस किलोमीटर चालून जाऊन, न लढलेल्या राखीव पलटणींच्या समोर तो पल्ला मारणे त्या फौजेच्या आवाक्यात नव्हते. आणि राजधानीही हात बांधून बसलेली नव्हती. त्याच पावसाच्या दिवशी लिंकनने ५,००,००० सैनिकांच्या भरतीच्या कायद्यावर सही केली आणि जॉर्ज मॅक्लेलनला फौजेची सूत्रे घेण्यासाठी तातडीने बोलावून घेतले. नव्या भरतीची मुदत आता ९० दिवसांची नव्हती, तर तीन वर्षांपर्यंतची होती.