ऋग्वेदात त्रिमूर्ती शोधणाऱ्यांसाठी

मोबाइलवर सतत फिरणाऱ्या एका मजकुरात चार विधाने ठामपणे केलेली असतात: ब्रह्मा, विष्णू, महेश हेच ऋग्वेदाचे मुख्य देव, वरुण म्हणजे पाण्याचा देव, ‘तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस प्रकार’ हे ऋग्वेदातच लिहिले आहे, आणि ‘गणानां त्वा’ ही गजाननाची वैदिक स्तुती आहे. ऋग्वेदाची संहिता, म्हणजे मूळ मंत्रसंग्रह, उघडली की यांतले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान साध्या मोजणीतच निकालात निघते. ऋग्वेदातल्या 1028 सूक्तांपैकी (स्तोत्रांपैकी) सुमारे 250 इंद्राची आणि सुमारे 200 अग्नीची आहेत, तर 114 सूक्तांचे नववे मंडल (विभाग) जवळजवळ पूर्णपणे सोमाला वाहिलेले आहे. विष्णूच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा सूक्ते येतात. त्याची तीन पावले तेथेही गाजतात हे खरे, परंतु वृत्राला मारायला निघालेला इंद्र ‘सखे विष्णो’ अशी हाक मारून त्याला पाऊल टाकायला सांगतो, म्हणजे पराक्रम इंद्राचा आणि साथ विष्णूची. रुद्राची स्वतंत्र सूक्ते तीनच आहेत. ‘शिव’ हे तेथे ‘कल्याणकारी’ अशा अर्थाचे विशेषण असून ते अग्नीलाही लावलेले आढळते. चतुर्मुख ब्रह्मदेव तर तेथे नाहीच. ‘ब्रह्मन्’ म्हणजे स्तोत्र किंवा ऋत्विज (यज्ञाचा पुरोहित).

वरुणाचा पाण्याशी संबंध आहे, पण तो कसा, हे सातव्या मंडलात पाहावे. तेथे हा राजा जळांच्या मधून जाताना माणसांचे खरे-खोटे न्याहाळत असतो. त्याच मंडलात वसिष्ठ त्याला विचारतो, की माझा असा कोणता मोठा अपराध झाला, म्हणून तू आपल्या स्तोत्या मित्राला मारू पाहतोस? मग तो सफाई देतो: दोष माझ्या इच्छेचा नव्हता, सुरा, राग, फासे आणि अविचार यांनी तो घडवला. (तीन हजार वर्षांत सबबी फारशा बदललेल्या दिसत नाहीत.) अपराध्याला पाशात बांधणारा हा ऋताचा, म्हणजे विश्वातल्या सत्य-नियमाचा, रक्षक आहे. इ.स.पू. 14व्या शतकात हित्ती आणि मितान्नी या पश्चिम आशियातल्या राज्यांच्या राजांनी केलेल्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांमध्ये मित्र, इंद्र, नासत्य (अश्विनीकुमार) यांच्यासह वरुणाचे नाव येते, ते याच अधिकाराने असावे.

तेहतीस हा आकडा ऋग्वेदात आहे: द्युलोकात अकरा, पृथ्वीवर अकरा, जळांत अकरा. मात्र त्या ऋचेत ‘कोटी’ हा शब्दच नाही, त्यामुळे त्याचा अर्थ प्रकार की करोड, हा वाद तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य ही वाटणी ब्राह्मणग्रंथांतली, म्हणजे संहितेनंतरच्या यज्ञविषयक ग्रंथांतली. खुद्द ऋग्वेदात दुसरीकडे अग्नीची सेवा करणाऱ्या देवांची संख्या 3339 दिली आहे.

राहिले ‘गणानां त्वा’. दुसऱ्या मंडलातील या ऋचेची देवता ब्रह्मणस्पती, म्हणजे स्तोत्रांचा स्वामी, आहे. गणेशपूजेत ती म्हणण्याची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे, पण ऋचेच्या उत्तरार्धात ‘ब्रह्मणस्पत’ हे संबोधन आजही प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने उच्चारतो.