पालक, चुना आणि बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू

सांगली-मिरजेकडे प्राणी पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याबद्दल एक मेसेज फिरतोय: "बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाला रोज पालक द्या, किडे बंद करा. कॅल्शियम पावडर हा दुकानदारांचा धंदा आहे, भाजीला चिमूटभर खायचा चुना लावा. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवा, दिवा लागत नाही." एकेक घेऊ.

रोज पालक. पालकात कॅल्शियम असतं, खरंय. पण त्यातलं ऑक्झॅलेट ते कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं, रक्तापर्यंत फारसं पोचूच देत नाही. अळू, माठ, बीटाचा पाला याच माळेतले. पालकाचं एखादं पान गेलं तर काही बिघडत नाही, रोजचा घास करू नका. शेवग्याचा कोवळा पाला देठ काढून बारीक चिरा, त्यात लाल भोपळ्याचा कीस घाला. जास्वंदीचं फूल चालतं. काकडी म्हणजे नुसतं पाणी.

किडे बंद. हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला प्राणी. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात साधारण ७० ते ८० टक्के किडे असतात. मोठा झाला की प्रमाण उलटतं आणि भाजी वाढते. मोठ्याचा आहार पिल्लावर लादला की वाढ खुंटते. घरात किडे चालत नसतील तर हा प्राणी आणू नये, इतकं सोपं आहे. मात्र किडे बांधावरचे नकोत. तासगावकडे फळछाटणीनंतर द्राक्षबागांत औषधाचा पंप सतत सुरू असतो, तिथला नाकतोडा पिल्लाच्या पोटात गेला की औषधही गेलं. काजवा तर चुकूनही नको. अमेरिकेतले काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत, आपल्याकडचे त्याच्यावर तपासून बघायची हौस नको.

पावडर हा धंदा. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, महागडा परदेशी डबाच हवा असं नाही. पण पावडर हवीच. आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस २:१ असावं लागतं, रातकिड्यात नेमकं उलटं, फॉस्फरस कितीतरी पट जास्त. म्हणून फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर पिल्लाला बहुतेक रोज, एका वेळच्या किड्यांवर. पिशवीत चिमूटभर पावडर, त्यात पाच-सहा रातकिडे, हलक्या हाताने हलवायचं, पांढरे झाले की लगेच टाकीत सोडायचे. उशीर केला तर ते पाय, मिशा चाटूनपुसून साफ करतात आणि पावडर तळाशी राहते. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला चुना जास्त लागला की माणसाची जीभ पोळते, मग या जिवाचं काय होईल? स्वस्तात हवं असेल तर समुद्रफेस (माकुळासारख्या समुद्री जिवाचं पांढरं हाड) खरवडा, ते कॅल्शियम कार्बोनेट आहे. मात्र त्यात डी३, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला हवं असलेलं व्हिटॅमिन, नाही. म्हणून कुणी घरातलं डी३चं पाकीट उघडू नये. त्यातली ६०,००० युनिटं माणसाच्या आठवड्याच्या हिशेबाने असतात, आणि डी३ लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं.

खिडकीतलं ऊन. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण कातडीत डी३ तयार करणारे यूव्हीबी किरण काच अडवते. त्यामुळे यूव्हीबीची ट्यूब लागतेच. ती पेटत असली तरी किरण कमी होत जातात, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायची. सकाळचं कोवळं ऊन जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली ठेवून, उत्तम. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नका. सांगलीच्या एप्रिलमध्ये ती काही मिनिटांत भट्टी होते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आमचा महिनाभर पालकावरच आहे, ठणठणीत आहे." असेलही. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, म्हणून बरेच दिवस बाहेरून काहीच दिसत नाही. मग बोटं थरथरायला लागतात, खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, मागचे पाय ओढत चालतो. त्या टप्प्यावर घरी पावडर वाढवून भागत नाही, एक्स-रे काढणारा, सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य गाठा. जाताना पावडरचा डबा आणि ट्यूबचा खोका सोबत घ्या. तो आधी हेच विचारेल.