‘सगळे स्मिथ लोहार’ हा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला आणि सोमवारी नववीतल्या एका मुलीने तोच मला वर्गात जसाच्या तसा म्हणून दाखवला, म्हणून हे लिहितेय. मेसेज थोडक्यात असा : स्मिथ हे आडनाव ‘स्माइट’ म्हणजे घाव घालणे यावरून आलं, स्मिथ म्हणजे लोहार, जगातले सगळे स्मिथ एकाच घराण्यातले, लढाईत लोहार घरी थांबायचे म्हणून तेवढेच वाचले आणि वाढले, स्पेलिंगमधे आयच्या जागी वाय असेल तर ते उमराव, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘म्हणजे इंग्रजांतही जाती होत्याच’.

स्माइटचं आधी. ऐकायला दोन्ही शब्द जवळचे वाटतात पण मुळं वेगळी. जुन्या इंग्रजीत स्माइटचा अर्थ लिंपणे, माखणे असा होता, मारणे हा अर्थ नंतर चिकटला, आणि स्मिथ तर त्याच्या कितीतरी आधीपासून कारागिराला म्हणत होते. जर्मन श्मिट, डच स्मिट ही त्याचीच भावंडं. आइसलँडच्या भाषेत तर सुतारासाठी जो शब्द आहे त्यातही हाच स्मिथ आहे.

म्हणजे नुसता लोहार हा अर्थ पण अपुराच. इंग्रजीत धातू घडवणारा तो स्मिथ, मग गोल्डस्मिथ सोनार, लॉकस्मिथ कुलपं-किल्ल्या करणारा, आणि लोखंड हा काळा धातू म्हणून लोहार तो ब्लॅकस्मिथ. कॉपरस्मिथ म्हणजे आपला तांबट, पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे ना, तेच काम. आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आमच्या शाळेमागच्या वडावर एक छोटा हिरवा पक्षी बसतो, कपाळ लाल, गळा पिवळा, दुपारभर टुक टुक टुक चालू, प्रत्येक टुकला गळा फुगतो आणि डोकं हलतं, भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज. इंग्रज त्याला कॉपरस्मिथ म्हणतात आणि आपण तांबट! दोन्हीकडच्या लोकांच्या कानाला एकच काम ऐकू आलं.

एकच घराणं, हे तर अजिबात नाही. गावात जॉन चार असायचे पण भट्टीवाला बहुतेक एकच, म्हणून त्याला ‘स्मिथ जॉन’ म्हणणं सोयीचं, आणि हे शेकडो गावांत वेगवेगळं घडलं. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम तपासला तेव्हा दुर्मिळ आडनावांत खरंच नातं सापडलं, पण स्मिथसारख्या कॉमन आडनावात रस्त्यावरचे कुठलेही दोघं घेतल्यासारखंच. शिवाय अमेरिकेत कितीतरी श्मिटांनी स्मिथ लावलं, गुलामीतून सुटलेल्या अनेकांनीही हेच आडनाव घेतलं. २०१० च्या जनगणनेत तिथे २४ लाखांवर स्मिथ होते, त्यातले साधारण २३ टक्के कृष्णवर्णीय. एक घराणं कुठून आणणार?

लढाईचं पण उलटंच आहे, घोड्याचे नाल, बाणांची टोकं, चिलखताची दुरुस्ती हे सगळं सैन्याबरोबर लागायचं, मग लोहार घरी बसून कसं चालेल. आणि वायचं म्हणाल तर तेव्हा स्पेलिंग ठरलेलंच नव्हतं, लिहिणारा कारकून आय लिहायचा किंवा वाय, बस.

आता जातीचं, आणि इथे मला खरंच त्रास होतो. इंग्लंडमधे बहुतेकांची आडनावं साधारण १४०० पर्यंत कायम झाली, म्हणजे एका पूर्वजाचा धंदा नावात गोठला आणि माणसं पुढे निघून गेली. मुलगा बापाचं काम शिकायचा हे खरं, पण स्मिथच्या मुलीने बेकरच्या मुलाशी लग्न केलं म्हणून कोणी वाळीत टाकत नव्हतं, आणि बाजूला बसून जेवल्याने कोणी बाटत नव्हतं. तिथे उच्चनीच नव्हतं असं मी म्हणत नाहीये, भरपूर होतं, पण ते आडनावाच्या अर्थावर बसलेलं नव्हतं. १७२३ साली जन्मलेला ॲडम स्मिथ, अर्थशास्त्रवाला, त्याचे वडील वकील आणि कस्टम्समधले अधिकारी. आपल्याकडेही पाटील आडनाव कितीतरी जातींत आहे, आणि आजच्या कुलकर्ण्यांपैकी गावाचं दप्तर कोण लिहितं? पण आपल्याला आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न सुचतो आणि तोच चष्मा आपण दुसऱ्यांवर लावतो, त्या मुलीला हे सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले.

स्मिथ आज किती सपाट झालंय बघा, फॉर्मच्या नमुन्यात आपण ‘अ. ब. क.’ लिहितो तिथे ते ‘जॉन स्मिथ’ छापतात. अजिंठ्याला १० नंबरच्या लेण्यात एका जॉन स्मिथने नाव कोरलंय, वाघाच्या शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. आज ते डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा आत दगडमातीचा ढीग साचलेला आणि तो त्यावर उभा होता. नावापुढे त्याने २८ वी कॅव्हलरी, म्हणजे त्याचं घोडदळ, आणि २८ एप्रिल १८१९ असंही कोरलं. नुसत्या स्मिथवरून कोण तो कळणार नव्हतं, म्हणून परत नावापुढे काम लिहावं लागलं.